लांबच्या सायकल राईडमध्ये पाणी, मीठ आणि साखर: किती घ्यावे आणि सोबत कसे न्यावे

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणारे गृहस्थ २०० किलोमीटरच्या पहिल्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकल राईडची, तयारी करत असून सरावासाठी त्यांनी एप्रिलमध्ये सांगली, तासगाव, विटा, कडेगाव, कराड आणि तेथून आष्ट्यावरून पुन्हा सांगली अशी फेरी केली. सायकलवर ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत एक लिटरसाठीचे ओआरएसचे पूर्ण पाकीट व शिवाय सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोज पावडर घातलेली होती. कडेगावच्या पुढे पोट फुगले, ढेकर येऊ लागले, कराडला पोहोचेपर्यंत मळमळू लागले आणि घसा कोरडा पडूनही बाटली तोंडाला लावावीशी वाटेना. परतीच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे आले. जर्सीच्या खिशातली सुटी पावडर घामाने भिजून तिचे ढेकूळ झाले, ते वेगळेच. तासाला किती प्यावे, त्यात काय आणि किती मिसळावे, आणि साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरेल एवढे सोबत कसे न्यावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे म्हणणे असे की पाणी, मीठ आणि साखर या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या वेगवेगळ्या कारणांनी कमी-जास्त होतात. पाणी किती लागेल हे ऊन, वारा आणि चढ ठरवतात; साखर किती लागेल हे आपण किती तास आणि किती जोराने पायडल मारतो यावर अवलंबून असते; आणि मिठाची गरज घाम किती येतो व तो किती खारट आहे यावर ठरते. तिन्ही एकाच बाटलीत मिसळून दोन्ही बाटल्या भरल्या, की एक वाढवायला गेल्यावर उरलेल्या दोन आपोआप वाढतात. दुपारी विट्याच्या माळावर शरीर नुसते पाणी मागत असते आणि आपल्याकडे देण्यासारखे नुसते पाणीच नसते. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की एक बाटली मिश्रणाची आणि एक बाटली कायम साध्या पाण्याची. बाकी सगळा हिशेब या एका वाटणीवर उभा राहतो.

आता त्या बाटलीत नेमके काय होते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम. या द्रावणाची तीव्रता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, लिटरला २४५ मिलिऑस्मोल येते. आपल्या रक्ताची तीव्रता २९० च्या आसपास असते, आणि ओआरएस मुद्दाम तिच्यापेक्षा थोडे पातळ ठेवलेले आहे. तेच पाकीट ७५० मिलिलिटरमध्ये घातले की तीव्रता सव्वातीनशेवर जाते, आणि त्यात ५० ग्रॅम ग्लुकोज मिसळले की ती सातशेच्या घरात पोहोचते, म्हणजे रक्ताच्या दुपटीहून जास्त. इतके दाट द्रावण जठरातून सावकाश पुढे सरकते, आणि आतड्यात उतरल्यावर ते शोषले जाण्याऐवजी आधी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. पोट फुगणे, ढेकर, मळमळ आणि तहान असूनही न पिववणे ही सगळी एकाच कारणाची लक्षणे आहेत. शिवाय उन्हात जोर लावताना रक्ताचा ओघ पायांकडे आणि कातडीकडे वळलेला असतो, त्यामुळे पोटाला एरवी पचले असते तेही पचत नाही.

ओआरएसला यात दोष नाही. ते जुलाबाच्या रुग्णासाठी बनलेले आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाहक यंत्रणा असते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जाते, या साध्या तत्त्वावर ते चालते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिण्यासाठी देऊन असंख्य जीव वाचवले. सायकलस्वाराने त्यातून तत्त्व घ्यावे. प्रमाण मात्र आपल्या कामाचे ठेवावे. एक लिटर ओआरएसमधून जेमतेम ५४ कॅलरी मिळतात, म्हणजे उर्जेच्या बाजूने ते अपुरे. आणि सोडियम सुमारे १.७ ग्रॅम, म्हणजे बहुतेकांच्या घामातून लिटरमागे जाते त्यापेक्षा जास्त. दिवसभर तेच पीत राहण्याचे कारण नाही. ते घेताना पाकिटावर ‘ओआरएस’ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याची खात्री करावी. नावापुरते ओआरएस असलेली, साखर जास्त आणि मीठ कमी असलेली पेये बाजारात बराच काळ मिळत होती; ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली.

मग बाटलीत घालावे काय? माझ्या मते सुरुवात घरातल्या साखरेनेच करावी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला ४५ ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, म्हणजे सुमारे १.४ ग्रॅम, आणि अर्ध्या लिंबाचा रस. यातून सुमारे ५५० मिलिग्रॅम सोडियम आणि १८० कॅलरी मिळतात, आणि साखरेचे प्रमाण ६ टक्के राहते. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या ग्लुकोजपेक्षा द्रावणातले कण जवळजवळ निम्मे राहतात, आणि सगळे मिळून तीव्रता २४० च्या आसपास येते, म्हणजे ओआरएसइतकीच. दुसरा फायदा असा की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात. नुसते ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या पुढे फारसे शोषले जात नाही; जोडी असेल तर सरावलेल्या पोटाला तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जमते. पहिल्या ब्रेव्हेला तेवढ्याची गरज नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, त्यातली काही बाटलीतून आणि काही खाण्यातून, हे पुरेसे आहे. गूळ वापरायला हरकत नाही, तोही बहुतांशी साखरच आहे, मात्र तो चांगला गाळून घ्यावा, कारण त्यातला गाळ बाटलीच्या झडपेत अडकतो.

तयार पावडरी वाईट नाहीत. ज्यांच्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेले मोठ्या रेणूंचे कर्बोदक, असते त्या कमी गोड लागतात आणि दाट केल्या तरी तीव्रता फार वाढत नाही, म्हणून दहाव्या तासाला गोडाचा कंटाळा आलेल्या माणसाला त्या उपयोगी पडतात. फेसाळणाऱ्या गोळ्यांमध्ये मात्र बहुधा क्षारच असतात, साखर नावापुरती. त्या घेतल्या तर उर्जेची सोय खाण्यातून वेगळी करावी लागते. अशी गोळी बाटलीत टाकल्यावर फेस पूर्ण बसेपर्यंत झाकण घट्ट लावू नये. कोणतेही मिश्रण असो, ते ब्रेव्हेच्या दिवशी प्रथमच पोटात जाता कामा नये.

किती प्यावे याचे उत्तर दुसऱ्याच्या आकड्यावरून मिळत नाही, ते घरच्या वजनकाट्यावरून मिळते. घामाचे प्रमाण माणसागणिक तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलते. चाचणी सोपी आहे. निघण्यापूर्वी लघवी करून, कपड्यांशिवाय वजन करावे. एक तास नेहमीच्या जोराने सायकल चालवावी. परत आल्यावर अंग कोरडे पुसून पुन्हा वजन करावे. समजा आधी ६८ किलो होते, नंतर ६७.१ भरले आणि दरम्यान अर्धा लिटर पाणी प्यायले, तर घाम १.४ लिटर गेला. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढी वजा करावी. ही चाचणी एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारच्या उन्हात करावी, कारण दोन आकड्यांत पडणारा फरक पाहिल्याशिवाय एप्रिलच्या दुपारचा अंदाज येत नाही. ओला घाम नजरेस पडण्यावर तर मुळीच विसंबू नये. खानापूर, आटपाडी, माण या भागातली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो; अंग कोरडे वाटते, पण जर्सीच्या पाठीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. पट्टे ठळक असतील तर घाम खारट आहे असे समजून पुढच्या वेळी बाटलीतले मीठ थोडे वाढवावे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात घ्यावी लागते. सायकलवर बसून बहुतेकांना तासाला ७०० ते ९०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी आरामात पचत नाही. घाम १.४ लिटर जात असेल आणि पोटात ८०० मिलिलिटर उतरत असेल, तर दर तासाला ६०० मिलिलिटरची तूट पडते. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले की उन्हात कामगिरी घसरू लागते. ६८ किलोच्या माणसाला ती मर्यादा सुमारे १.४ लिटरची आहे, म्हणजे सव्वादोन तासांत तो तिथे पोहोचतो. ही तूट जास्त पिऊन भरून निघत नाही. ती घाम कमी करूनच आटोक्यात ठेवावी लागते. म्हणून पहाटे लवकर निघणे, पहिले ऐंशी किलोमीटर ऊन चढण्याआधी उरकणे आणि बारा ते दोनच्या दरम्यान सावलीत थांबणे हेही पाणी पिण्याइतकेच पाण्याच्या नियोजनात मोडते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ताशी २०–२२ किलोमीटरने चालणाऱ्याला सायकलवर नऊ-दहा तास पुरतात, म्हणजे दीड-दोन तासांची विश्रांती नक्कीच बसते. पण बरेचजण नेमक्या टळटळीत दुपारी नियंत्रण केंद्र, म्हणजे ब्रेव्हेच्या वाटेवरचे हजेरीचे ठिकाण, गाठण्यासाठी घाई करतात आणि मग संध्याकाळी गारव्यात, जेव्हा पळवता आले असते तेव्हा, सायकल हाताने ढकलतात. साध्या पाण्याच्या बाटलीचा उपयोग इथेही होतो: डोके, मान आणि बाह्या ओल्या केल्या की तेवढीच उष्णता घामाऐवजी त्या पाण्याने उडते. साखरेचे पाणी अंगावर ओतता येत नाही.

तहान लागेल तेव्हा प्यावे की घड्याळ पाहून, हा वाद जुना आहे. दोन-तीन तासांच्या राईडला तहान पुरेशी असते. लांबच्या राईडला घड्याळाने आठवण द्यावी आणि प्रमाण तहानेने ठरवावे: दर दहा-पंधरा मिनिटांनी बाटली हातात घ्यावी, दोन घोट घ्यावेत, नको वाटले तर एकच. सुरुवातीच्या गार तासांत बाटली हातात घ्यायची सवय लागली नाही तर नंतर ती लागत नाही, आणि तासभर काही न पिता एकदम अर्धी बाटली रिचवणे पोटाला मानवत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी अर्धा लिटरपर्यंत पाणी नाश्त्यासोबत सावकाश घ्यावे. पहाटे उठून घटाघटा दीड लिटर पिऊन काहीही साठत नाही.

गोळे येण्याबद्दल मी सावधपणे लिहितो. मीठ कमी पडल्याने गोळे येतात अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि खूप खारट घाम येणाऱ्या काहींच्या बाबतीत ते खरे असू शकते. पण थकलेला, सराव नसलेला स्नायू हेही तितकेच मोठे कारण आहे. या गृहस्थांच्या बाटल्यांत मीठ कमी नव्हते, उलट लिटरमागे २.३ ग्रॅम सोडियम होते, तरीही गोळे आले. कडेगावनंतर त्यांनी फारसे काही प्यायलेच नाही आणि अंतर त्यांच्या सरावाच्या मानाने मोठे होते, हे कारण मला जास्त जवळचे वाटते. गोळा आला तर उतरावे, स्नायू ताणावा, काही मिनिटे थांबावे आणि पुढे हलक्या गिअरमध्ये चालवावे.

याच्या उलट टोकाचा धोका कमी बोलला जातो आणि तो जास्त गंभीर आहे. घाबरून दर वळणावर साधे पाणी पीत राहिल्यास, विशेषतः सावकाश चालवणाऱ्या आणि कमी घाम येणाऱ्या माणसाच्या रक्तातले सोडियम घसरते. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे, डोके दुखणे, उलटी आणि मग बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे आहेत. वजन केले तर ते निघतानाच्या वजनापेक्षा वाढलेले भरते. अशा माणसाला ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. त्याला थांबवून थेट रुग्णालयात न्यावे. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा गाडीची वाट पाहत न बसता सावलीत घेऊन, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून, वारा घालून आधी शरीर थंड करावे. राईडदरम्यान आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ-साखरेचे हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावे.

आता सोबत नेण्याचा प्रश्न. सुटी पावडर मोठ्या पिशवीत घेऊन वाटेत चमच्याने मोजणे ही पद्धत सोडून द्यावी. थकलेला माणूस मोजत नाही, ओततो. आदल्या दिवशी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन बसावे आणि एका बाटलीला एक या हिशेबाने झिपच्या छोट्या पिशव्या भराव्यात. साखर मिक्सरमधून फिरवून घ्यावी, म्हणजे गार पाण्यातही पटकन विरघळते; दुकानातल्या पिठीसाखरेत कधी कधी स्टार्च असतो, म्हणून घरीच दळलेली बरी. साखर आणि मीठ मोठ्या भांड्यात एकत्र करून मग वाटू नये, कारण दोन्हींचे दाणे वेगळ्या आकाराचे असल्याने मीठ तळाशी बसत जाते आणि पहिली पिशवी अळणी तर शेवटची खारट होते. प्रत्येक पिशवीत ४५ ग्रॅम साखर आधी, मग १.४ ग्रॅम मीठ वेगळे मोजून घालावे. घरचा काटा एका ग्रॅमच्या खाली नीट दाखवत नसेल तर चहाच्या चमच्याचा सपाट पाव भाग धरावा. हवा दाबून काढावी, झिप लावावी, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत घालावी. लिंबाचा रस आदल्या दिवशी मिसळू नये. लिंबू अख्खे न्यावे किंवा चिमूटभर लिंबूसत्व पिशवीतच घालावे.

पिशवीचा खालचा एक कोपरा रिकामा ठेवून दुमडला, की वाटेत तोच कोपरा कात्रीने नाहीतर दाताने कापून नळीसारखा बाटलीच्या तोंडात घालता येतो आणि वाऱ्यात पावडर उडत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, ज्याने उघड्या पिशवीतून पावडर ओतून पाहिली आहे त्याला या कोपऱ्याची किंमत सांगावी लागत नाही. बाटलीत आधी निम्मे पाणी, मग पावडर, झाकण लावून हलवणे, मग उरलेले पाणी, हा क्रम पाळावा. पावडर आधी टाकली की तळाशी घट्ट थर बसतो आणि शेवटचे घोट पाकासारखे लागतात.

किती पिशव्या न्याव्यात? दहा तास सायकलवर असलो तरी दहा बाटल्या मिश्रणाच्या लागत नाहीत, कारण खाणेही होणार असते. सहा पिशव्या पुरतात, त्यांचे वजन ३०० ग्रॅमच्या आत भरते. सोबत ओआरएसची २०० मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटे सहा घ्यावीत. ती न फोडलेली असतील तोवर घामाने किंवा पावसाने खराब होत नाहीत, आणि तीन पाकिटांना ६०० मिलिलिटर असा हिशेब बाटलीवर सहज जमतो. एक लिटरचे पाकीट ७५० च्या बाटलीत कोंबण्याची वेळ येत नाही. दुपारच्या मुक्कामानंतर एकदा, आणि घाम फारच खारट असेल तर संध्याकाळी आणखी एकदा, एवढा त्यांचा वापर. पिशव्या जर्सीच्या खिशात ठेवू नयेत, पाठीचा घाम तिथेच साचतो. सीटखालच्या बॅगेत किंवा हँडलच्या मागच्या पाऊचमध्ये त्या कोरड्या राहतात. दोन पिशव्या मात्र पाऊचमध्ये अगदी हाताशी असाव्यात. बॅगेच्या तळातून शोधावे लागले की माणूस ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणतो आणि तो पुढचा थांबा येत नाही.

काहीजण चार तासांची साखर एकाच बाटलीत घोळून दाट पाक नेतात आणि त्याच्या घोटावर साधे पाणी पितात. रात्रीच्या गार राईडला, किंवा ३००–४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत दुकाने बंद असतात तेव्हा, ही युक्ती चांगली आहे. बाटलीवर मार्करने चार खुणा करून तासाला एक खूण प्यावी. पण एप्रिलच्या दुपारी आटपाडी-जतकडे मी ती कोणालाही सुचवणार नाही, कारण साधे पाणी संपले की उरलेली पाकाची बाटली काहीच कामाची राहत नाही.

बाटल्यांबद्दल थोडेसेच. रुंद तोंडाच्या घ्याव्यात, म्हणजे पावडर ओतता येते आणि हात घालून घासता येते. उन्हाळ्यात साध्या पाण्याची बाटली दोन-तृतीयांश भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवावी आणि निघताना वर गार पाणी घालावे. मिश्रणाची बाटली गोठवू नये, कारण वितळताना आधी दाट साखर सुटते आणि शेवटी नुसते पाणी उरते. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीत साखर कधीही घालू नये, तिची नळी आतून साफ होत नाही. उन्हात गरम झालेले मिश्रण दोन-तीन तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. घरी आल्यावर झडप काढून खाण्याच्या सोड्याने बाटली धुवावी आणि उघडी सुकवावी.

वाटेत मिळणाऱ्या गोष्टींचा मान ठेवूनच नियोजन करावे, आणि आपल्या भागात त्या भरपूर आहेत. कराड ते आष्टा हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि उन्हाळ्यात जागोजागी रसवंती असतात. ताज्या रसात साखर १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या मिश्रणाच्या दुपटीहून जास्त असते. म्हणून अर्धा ग्लास रस, तेवढेच साधे पाणी, लिंबू आणि चिमूटभर मीठ, आणि बर्फ नको, असे सांगून घ्यावे. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला माहीत नसते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, ते आवडीने प्यावे पण मिठाची भरपाई समजू नये. मीठ घातलेले ताक दुपारच्या थांब्याला फार चांगले, मात्र लगेच चढ लागणार असेल तर नको. तासगावचा बेदाणा तर सायकलस्वारासाठीच आहे असे मला वाटते: ३० ग्रॅमच्या मुठीतून २३–२४ ग्रॅम कर्बोदके, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखे, उन्हात वितळत नाही, चिकटत नाही. गोडाने तोंड विटले की सांगलीचे भडंग दोन-चार घास खावे, त्यातले मीठ उपयोगी पडते. लसूण-तिखटाचे प्रमाण जास्त असल्याने पोटभर मात्र खाऊ नये.

पाणी भरताना आणखी एक भान हवे. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत उन्हाळ्यात काही वस्त्यांवर टँकरने पाणी येते. अशा घरासमोर बाटली पुढे करण्याआधी विचारावे, पिण्यापुरतेच घ्यावे आणि डोक्यावर ओतायचे पाणी तिथून मागू नये. शक्य तोवर दुकानातून बाटली विकत घ्यावी किंवा मोठ्या गावातच दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात. गोंदवले, म्हसवड, विटा, कडेगाव अशा ठिकाणी ‘अजून अर्धी आहे’ म्हणून न थांबता पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

पावसाळ्यात हिशेब वेगळा होतो. यवतेश्वरवरून कासला किंवा वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना अंग पावसाने ओले असते, गारवा असतो आणि तहान लागतच नाही. पण रेनकोटच्या आत घाम चालूच असतो आणि गारव्यामुळे लघवीही जास्त होते. अशा वेळी पाणी तासाला ४००–५०० मिलिलिटर पुरते, साखर मात्र उन्हाळ्याइतकीच लागते. म्हणजे तीच पिशवी कमी पाण्यात, थोडी दाट करून घ्यावी, आणि थांब्यावर गरम गोड चहा घ्यावा. वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. वजन वाचवण्यासाठी पायथ्याला रिकाम्या बाटल्या घेऊन चढणारे पुष्कळ दिसतात. पाऊण लिटर पाणी म्हणजे पाऊण किलो वजन, हे खरे. तरी निदान एक बाटली भरलेली असावी, कारण चढावर वेग घटतो, वारा लागत नाही आणि घाम सपाटीपेक्षा जास्त येतो.

या गृहस्थांनी पुढच्या सरावाला तोच मार्ग ठेवावा आणि पहाटे पाचला निघावे. तासगावपर्यंत मिश्रणाची एक बाटली, विट्याला दुसरी, दोन्ही ठिकाणी साधे पाणी भरून घेणे. कडेगावला मिश्रण न घेता थोडे खाणे आणि साधे पाणी. कराडला सावलीत दीड तास थांबून वरण-भात, ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी. तिथून निघताना एका बाटलीत ओआरएसची तीन छोटी पाकिटे ६०० मिलिलिटरमध्ये, दुसरीत साधे पाणी. आष्ट्याच्या अलीकडे पुन्हा एक पिशवी. ग्लुकोज पावडर घरीच ठेवावी. कुठेही पोट जड वाटले तर मिश्रण थांबवून अर्धा तास फक्त साध्या पाण्याचे छोटे घोट घ्यावेत आणि जोर कमी करावा. बहुतेक वेळा पोट आपोआप मोकळे होते.

घरी पोहोचल्यावर पुन्हा वजन करावे. एक किलो कमी भरले असेल तर पुढच्या चार-सहा तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, नेहमीच्या खारट जेवणासोबत, थोडे थोडे करून प्यावे. दीड किलोपर्यंतची घट चालण्यासारखी आहे, कारण तिच्यातला काही भाग शरीरातल्या वापरल्या गेलेल्या इंधनाच्या साठ्याचा असतो. दोन किलोंहून जास्त घट आली तर दुपारची विश्रांती वाढवावी लागेल, आणि वजन वाढलेले निघाले तर पुढच्या वेळी साधे पाणी कमी करावे लागेल. निघतानाचे वजन, परतल्यावरचे वजन, संपलेल्या बाटल्या आणि त्या दिवशीचे ऊन एवढ्या चार नोंदी लिहून पाठवल्या, तर ब्रेव्हेच्या दिवसासाठी पिशव्यांतले मीठ किती ठेवायचे ते मी नेमके सांगू शकेन.